टेस्टरकाका

पहाटे साडेपाचला शेजारून ‘खट्’ असा आवाज आला की आम्ही समजायचो, टेस्टरकाकांचा गीझर कोर्टात हजर झाला आणि त्याच क्षणी फरारही झाला. मागोमाग काकांचा आवाज यायचा, “वेळ?” आणि न्हाणीतून काकूंचा, “पाच एकतीस. अन् मी कुडकुडायलेय, तेबी लिहा.”

ते लिहिलं जायचं. खरंच.

काकांना गल्लीनं टेस्टरकाका म्हणायचं कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लावलेला पिवळ्या मुठीचा टेस्टर. लग्नाला जाताना पेन विसरेल, टेस्टर विसरणार नाही. पण हा माणूस वायरमन नाही, इंजिनिअर नाही, विजेच्या खात्यात एक दिवसही नोकरी केलेली नाही. काका तालुका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी दाव्यांचे कागद लावले, तारखा लिहिल्या, मुद्देमालावर चिठ्ठ्या डकवल्या. निजामाच्या वेळी या कोर्टाची भाषा उर्दू होती. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडं, आजच्या महाराष्ट्रात गेले, आमची भालकी इकडं, आजच्या कर्नाटकात राहिली आणि कागद पुढं कन्नडात गेले. पण पंचनामा, जबाब, मुद्देमाल हे शब्द काकांच्या तोंडातून कुणाला हलवता आले नाहीत. काका हिशेब मराठीत करतात, अर्ज कन्नडात लिहितात आणि फ्यूज उडाल्यावर दखनीत बोलतात.

निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नादी लागतात, शेतीच्या नादी लागतात. काका फॉल्टच्या नादी लागले. दुरुस्तीच्या नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. दुरुस्ती हे काकांच्या मते शिपायाचं काम. त्यांना हवा असतो गुन्हेगार, तोही पुराव्यानिशी. त्यांचं एक वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ आहे, “शंभर फॉल्ट सुटले तरी चालतील, पण एक निर्दोष थर्मोस्टॅट बदलला जाता कामा नये.”

आता गीझरचं प्रकरण. बिदरच्या पठारावरची थंडी बेंगळुरूच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं डिसेंबरात पारा कधी कधी दहाच्या खाली जातो आणि हौदात हात घातला की आपलीच बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागतात. अशा दिवसांत काकांचा पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गीझर पहाटे ट्रिप व्हायला लागला. बटण दाबलं की ईएलसीबी खाली. दुकानदार त्याला आरसीसीबी म्हणून विकतो, आमची गल्ली ईएलसीबीच म्हणते. ही वस्तू काकांच्या विशेष मर्जीतली. ती करते काय, तर फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला याचा सारखा हिशेब मांडत बसते. जमा आणि खर्च जुळले नाहीत, तीस मिलिअँपिअरचा फरक आला, की पापणी लवायच्या आत मेन बंद. म्हणजे मधल्या मधे करंट कुठंतरी गळतोय. पाण्यातून, पत्र्यातून, कदाचित आंघोळ करणाऱ्या माणसातून. “एवढा चोख कारकून मी सबंध कोर्टात पाहिला नाही,” काका म्हणायचे. त्यात थोडा स्वतःचा अपवाद गृहीत धरलेला असायचा.

वायरमनला बोलावलं. तो आला अकरा वाजता. वायरमन पहाटे येत नसतात. गीझर लावला, चालू. पुन्हा लावला, चालू. पाणी उकळायला आलं. पोरानं टेस्टर लावला, एलिमेंटची टोकं बघितली आणि तीन भाषांत आरोपीला निर्दोष सोडलं, “ओके हाय काका. कुछ नई है. एनू इल्ल.” येण्याचे पैसे घेऊन गेला.

दुसऱ्या पहाटे खट्.

असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला वायरमन म्हणाला, थर्मोस्टॅट बदलू.

“पुरावा?” काकांनी विचारलं.

“बदलून तर बघू काका. नाही तर एलिमेंट बदलू. नाही तर वायर.”

“म्हणजे आधी फाशी, मग चौकशी?”

पोरगं गोंधळलं. मग त्यानं आवाज उतरवून आपल्याकडचा हमखास इलाज सांगितला, “काका, असं करू, हे डबडंच काढून टाकू. त्यालाच दुखणं आहे. डायरेक्ट देतो, मग बघा, ट्रिपच होणार नाही.”

काका खुर्चीतून उठले. “साक्षीदार खरं बोलायलाय, म्हणून त्यालाच तडीपार करायलास?”

इथं मला खाली बघावं लागलं, कारण आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. डबडं काढल्यापासून आमचा गीझर कधी ट्रिप झाला नाही. फक्त नळाला हात लावला की मुंग्या येतात, आणि आम्ही थंडीमुळं येत असतील म्हणतो. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून रजिस्टर उघडलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, रेघा आखून रकाने पाडलेलं. तारीख. वेळ. किती वेळा खटका वर केला. दर वेळी किती सेकंद टिकला. त्या वेळी बोअरची मोटार चालू होती का. मिक्सर. शेजारची पिठाची गिरणी. धुकं. शेरा. काकूंचा जबाब रोज घेतला जायचा.

“शॉक लागला का?”

“नाही.”

“मुंग्या?”

“तुमच्या प्रश्नांनी येतात.”

हेही शेऱ्याच्या रकान्यात गेलं.

सुरुवातीला संशयित पुष्कळ होते. पहिला उंदीर, कारण आमच्याकडं कुठलीही तार बिघडली की पहिला संशय उंदरावर. माळ्यावर पिठाची गोळी ठेवून पाहिली, ती तशीच राहिली, उंदीर सुटला. मग अर्थिंग. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की कोळसा-मीठ भरून पुरलेला पाइप मातीपासून सुटा पडतो. मग अर्थिंग नावालाच. म्हणून काका उन्हाळाभर तुळशीला तांब्याभर आणि अर्थिंगच्या खड्ड्याला बादलीभर पाणी घालतात, दोन्ही आंघोळीनंतर आणि दोन्ही हात जोडून, असं काकू सांगतात. मी हात जोडलेले पाहिलेले नाहीत. पण हा डिसेंबर. खड्डा ओला होता. अर्थिंगही सुटलं.

मग व्होल्टेज. काकांनी ‘केईबी’ला फोन लावला. केईबी 1999 साली संपली, तिची केपीटीसीएल झाली, 2002 पासून आमच्या भागाला कलबुर्गीची जेस्कॉम आहे. हे काकांना साल-तारखेनिशी ठाऊक आहे आणि तरी ते केईबीलाच फोन लावतात. आलेल्या लाइनमननं मीटर लावून दाखवला, दोनशे अठ्ठावीस. काकांनी त्याची सही घेतली. त्यानं चहा घेतला.

असे एकोणीस दिवस गेले. या एकोणीस दिवसांत काकूंनी माळ्यावरून तांब्याचा बंब काढला, चिंचेनं घासला आणि अंगणात तुराट्या पेटवून पाणी तापवायला सुरुवात केली. धुरानं आमची दारं भरली. मी एकदा धीर करून म्हणालो, काका, एलिमेंट बदलायला फार तर पाच-सातशे लागतील, बदलून का टाकत नाही? काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “अन् एलिमेंट नसलं तर? खरा चोर बाहेर राहील, निवांत. फॉल्ट जिवंत पाहिजे रे. मेला की जबाब कुणाचा घ्यायचा?”

तर असा हा माणूस. असली माणसं डॉक्टर झाली तर रोगी जातो, पण निदान चुकत नाही.

विसाव्या दिवशी रजिस्टरनं तोंड उघडलं. त्याच्या आदल्या रात्री काकांची सून माहेरून आली होती. तिनं उशिरा हातपाय धुवायला गीझर लावला आणि बंद करायला विसरली. पाणी रात्रभर गरम राहिलं. पहाटे काका वही, पेन, घड्याळ घेऊन बसले. खटका पडलाच नाही. काकूंनी एकोणीस दिवसांनी नळाच्या गरम पाण्यानं आंघोळ केली आणि बाहेर येऊन बघतात तर काका जमिनीवर मांडी घालून रजिस्टरची पानं उलटताहेत, चेहऱ्यावर सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखं तेज.

बघा, काका म्हणाले. खटका पडतो तो फक्त पहाटे. तीन-चारदा वर केला, कधी दहा सेकंद टिकला, कधी मिनिटभर, की मग टिकूनच राहतो. अकराला कधीच पडत नाही. म्हणजे काय? गरम झाल्यावर आरोपी साळसूद आणि गार असताना गुन्हेगार! म्हणजे ओल. रात्रभर कुठंतरी ओल धरतेय आणि तापलं की वाळतेय.

भंगारवाल्याकडून आणलेलं एक जुनं एलिमेंट त्यांनी हॅक्सॉनं मधोमध कापून ठेवलं होतं. ते त्यांनी गल्लीतल्या पोरांना दाखवलं. बाहेर तांब्याची नळी, आत मधोमध तापणारी तारेची गुंडाळी आणि दोन्हींच्या मधे ठासून भरलेली पांढरी पूड, मॅग्नेशियम ऑक्साइड. गुण हा की उष्णता बाहेर जाऊ देते आणि करंट अडवते. अवगुण एकच, हवेतली ओल पिते. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की दोन वर्षांत गीझरच्या पोटात खडूची वखार होते. त्या क्षारानं गॅस्केट कुरतडलं होतं. रात्रभर एखादा थेंब झिरपून एलिमेंटच्या टोकाशी बसायचा, टोकाचं सील उललेलं, आतली पूड ती ओल प्यायची आणि पहाटे त्या ओलीतून करंट गीझरच्या अंगात. वायरमन यायचा तोवर सगळं वाळलेलं.

पोरगं बोलावलं गेलं, पहाटे सहाला, पोलिस बंदोबस्तात म्हणावं तसं. काकांचा धाकटा त्याला मोटारसायकलवर घालून घेऊन आला. त्यानं गीझर खोलला. टोकाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी कड. एलिमेंट, गॅस्केट नवं घातलं. वीस मिनिटं. पाणी गरम.

सगळे खूश, काका उदास. दोन दिवस जेवण नीट नाही. तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडं येऊन सहज म्हणून फ्रीजच्या मागं वाकून बघायला लागले. मी त्यांना न्हाणीकडं जाऊ दिलं नाही.

देव दयाळू आहे, जानेवारीत लीड्सहून भाचीचा फोन आला.

काकांची बहीण उदगीरला दिलेली; तिची ही मुलगी नवऱ्यासोबत इंग्लंडात. त्यांच्या घरात सेंट्रल हीटिंग. हे काय असतं हे काकूंना समजावून देताना काका आमच्याच अंगणात बसले होते. गॅसवर बॉयलर, बॉयलरमधलं गरम पाणी पंपानं घरभर पाइपातून फिरतं, दर खोलीत लोखंडाची चपटी पेटी असते, ती तापली की खोली तापते, पाणी गार होऊन परत बॉयलरकडं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “एवढं गरम पाणी घरभर फिरायलंय अन् त्यानं कुणी आंघोळ नाही करत?” आंघोळीचं पाणी वेगळं तापतं, काका म्हणाले. “मग हे नुसतंच फिरतं? बिनकामाचं?” काकूंनी बंबाकडं पाहिलं. अजून तो आत ठेवलेला नव्हता.

तिथला फॉल्ट असा : बॉयलर गॅसचा असला तरी पंप, खोलीतला थर्मोस्टॅट, पाणी इकडं की तिकडं सोडायचं ते ठरवणारे मोटारीचे व्हॉल्व्ह, हे सगळं विजेवर. या साऱ्यांना मिळून भिंतीत तीन अँपिअरचा एकच फ्यूज. तो आठवड्यातून दोन-तीनदा उडायचा. तिथला वायरमन दोनदा येऊन गेला. भाचीनं सांगितलं, “मामा, तो येतो तेव्हा सगळं व्यवस्थित असतं. म्हणतो, ओके आहे.”

काकांनी फोन कानापासून दूर धरला आणि आमच्याकडं असं पाहिलं, जणू हरवलेला भाऊ सापडला.

रजिस्टरचं नवं पान. वर लिहिलं, लीड्स प्रकरण. थंडीत तिथलं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं. त्यांची संध्याकाळची सहा म्हणजे भालकीची रात्रीची साडेअकरा. तीन आठवडे काका कानटोपी घालून, मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवून, मध्यरात्रीपर्यंत हजर. जावई कॉम्प्युटरमधला. त्यानं रोजच्या नोंदींचा रंगीत तक्ता करून पाठवला. काकांनी तो हातानं रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. “याच्यावर सही कुठं करायची?” असा त्यांचा आक्षेप होता आणि जावयाकडं उत्तर नव्हतं.

पहिला खटका रंगांवर उडाला. आपल्याकडं निळी तार म्हणजे तीनातली एक फेज, काळी न्यूट्रल. तिकडं निळी न्यूट्रल, तपकिरी फेज. जावई म्हणाला, घर जुनं, काही तारा लाल-काळ्या आहेत, काही तपकिरी-निळ्या. इंग्रजांनी घराच्या वायरिंगमधले लाल-काळे 2004 ते 2006 च्या दरम्यान सोडले, हे काकांनी शोधून काढलं तेव्हा त्यांना विशेष आश्चर्य वाटलं नाही. त्यांचं जुनंच मत आहे की त्या लोकांना सोडून जायची सवय आहे. आपल्या गीझरची तीन गोल पिनांची जाडजूड पिन त्यांचीच. त्यांनी स्वतःकडं चपट्या पिनांचं, पोटात फ्यूज असलेलं नवं मानक आणलं ते 1947 साली. “आपल्याला अन् गोल पिनांना एकाच वर्षी सोडलं,” काका म्हणाले. “जाताना एक शब्द नाही.”

काकांचा पहिला तर्क अर्थातच ओल. भालकीचा निकाल ते लीड्सला लावायला गेले. पंप गळतो का, व्हॉल्व्हवर थेंब आहे का, दाखव, अजून जवळून दाखव. सगळं कोरडं ठक्क. दोन रात्री काका गप्प होते. तिथं गारठ्यात काही होत नव्हतं, पहाटे काही होत नव्हतं. गुन्ह्याची वेळ उलटी होती. फ्यूज उडायचा तो हीटिंग लावून अर्धा-पाऊण तास झाल्यावर, सगळं चांगलं तापल्यावर. भालकीचा आरोपी गारठला की बिघडायचा, हा तापला की.

आणि नुसतं आंघोळीचं पाणी तापवताना? तक्त्यात बघितलं. तेव्हा एकदाही नाही.

रात्री एक वाजता काकांनी मला दार वाजवून उठवलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं आणि काकूंनी पांघरूण डोक्यावर घेतलं होतं. “पंप दोन्ही वेळा चालतो. म्हणजे पंप निर्दोष. बॉयलर दोन्ही वेळा चालतो. निर्दोष. मग आरोपी ती तार, जिच्यात फक्त हीटिंग चालू असतानाच करंट येतो. थर्मोस्टॅटकडून हीटिंगच्या व्हॉल्व्हला जाणारी. अन् ती कुठंतरी तापायलीय. आता मला सांग, त्या घरात तापतं काय?”

मी झोपेत म्हणालो, बंब.

“पाइप!” काका म्हणाले. “जमिनीखाली फळ्यांच्या आत पाइप आणि त्याच्या अंगावर पडलेली तार.”

जावयाला सक्त ताकीद गेली, तू स्वतः काही उघडायचं नाहीस, मेन बंद करून त्यांच्याच माणसाला बोलवायचं आणि त्याला जिन्याजवळच्या फळ्या काढायला सांगायचं. त्या माणसानं खांदे उडवले म्हणे. पण फळ्या काढल्या. करड्या रंगाची तार गरम पाण्याच्या तांब्याच्या पाइपावर आडवी पडली होती, शेजारी लोखंडी क्लिप. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं प्लॅस्टिक मऊ पडून दबलेलं. पाइप तापला, तांबं ताणलं, जरासा सरकला की आतली तार त्या क्लिपला टेकायची. गार झाला की परत जागेवर. भाचीनं फोटो पाठवला. काकांनी तो मोठा करून करून इतका मोठा केला की शेवटी पडद्यावर नुसता काळा रंग राहिला.

“तार फेकू नका,” त्यांनी लगेच फोन लावून सांगितलं. “मला पाहिजे.”

यामागं एक डबा आहे. बिस्किटांचा, चौकोनी, पत्र्याचा, काकांच्या कपाटात सगळ्यात वर. त्यात आमच्या गल्लीतले आजवरचे सारे गुन्हेगार आहेत : जळलेले होल्डर, उंदरानं खाल्लेली टेलिफोनची तार, वितळलेला स्विच, एका फ्यूजमध्ये सापडलेली सायकलची तार, गीझरचं ते एलिमेंट. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, वर क्रमांक, तारीख, घर, कलम म्हणून कारण, खाली काकांची सही. मुद्देमाल. कोर्टात निकालानंतर मुद्देमालाची विल्हेवाट लावतात. काकांच्या कोर्टात लावत नाहीत.

एप्रिलात भाची-जावई आले. उदगीरला चार दिवस राहून भालकीला आले. घरात पाय ठेवल्या ठेवल्या काकूंनी पाणी दिलं, डोळ्यांना हात लावला, वाळलीस म्हणाल्या. भाचीनं पिशवीतून चॉकलेटांचा मोठा, गोल, जांभळा डबा काढून मामांच्या हातात दिला. काकांनी तो न बघताच बाजूला ठेवला.

“आणलीस का?”

भाचीनं पर्स उघडली. आत टिश्यूच्या कागदात गुंडाळलेली चार बोटं लांबीची तार. विमानतळावर तपासणीत ती निघाली, तेव्हा हे काय म्हणून विचारलं आणि तिनं “माझ्या मामांसाठी” एवढंच सांगितलं, असं ती हसत सांगत होती. काका ऐकत नव्हते. त्यांनी तार उजेडात धरली, वितळलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग आत जाऊन चिठ्ठी, दोरा, पेन आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. चिठ्ठी लिहिली, बांधली, वाळायला फुंकर मारली. तार डब्यात ठेवली, झाकण लावलं. लागेना. दाबलं. एलिमेंटचं टोक आडवं येत होतं. त्यांनी एलिमेंट तिरकं करून पाहिलं, होल्डर एकात एक बसवून पाहिले.

मग त्यांची नजर सावकाश जांभळ्या डब्यावर गेली.

काकूंनी स्वयंपाकघरातून परात आणली आणि शेजारच्या पोरांना हाक मारली, “या रे, चॉकलेटं खाऊन घ्या लवकर. डबा लागतोय त्यांना.”